रानपांढरी आणि माझं नाक

माझ्या नाकाविषयी घरात कुणाचंच मत चांगलं नाही. दूध उतू जाऊन, करपून, पातेल्याच्या बुडाशी त्याचा डांबरी रस्ता झाला तरी मी शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत असतो. बायको बाहेरून येते, दारात चपला काढतानाच विचारते, "अहो, काय जळतंय?" आणि मी अगदी प्रामाणिकपणे विचारतो, "कुठे?" तिचं नाक माझ्याही वाटणीचं घेऊन जन्माला आलंय. तिसऱ्या मजल्यावर कुणी सुकट भाजायला घेतली, की ही तळमजल्यावरून सांगते, तवा लोखंडी आहे.

अशा माणसाच्या हातात पेला देऊन "सर, आता नाक आत घाला आणि काय काय येतंय ते सांगा" असं म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला गंगापूर धरणात ढकलण्यासारखं आहे. योगायोगाने गंगापूर धरण समोरच होतं. खरंच ढकललं असतं तर बरं, असं पुढच्या पाऊण तासात मला तीनदा वाटलं.

ही सगळी मेहुण्याची कल्पना. हा बायकोचा धाकटा भाऊ, पुण्यात आयटीत असतो. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला आठ दिवस फ्रान्सला पाठवलं आणि तिथून तो अजून पुरता परत आलेला नाही. तेव्हापासून साधं पाणीसुद्धा तो तोंडात घोळवून, छताकडे बघून, मगच गिळतो. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "भाऊजी, नाशिकला हार्वेस्ट चालू आहे. सगळे जाऊ. तुमच्या मामांनाही घ्या, त्यांचं तेवढंच एक्स्पोजर होईल."

माझ्या मामांची निफाड तालुक्यात सात एकर द्राक्षबाग आहे. चाळीस वर्षं ते द्राक्षाशिवाय दुसरं काही बोललेले नाहीत. त्यांना द्राक्षाचं एक्स्पोजर देणं म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला विठोबाची ओळख करून देणं. पण मामा स्वभावाने गरीब. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकत नाही, दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. "मी पिणार नाही, पण बघायला येतो," म्हणाले. "आमच्याकडचा माल तिथे जातो, त्याचं पुढे काय करतात ते तरी बघू."

गाडीतच जुंपली. मेहुणा कौतुकाने सांगत होता की, फ्रान्समध्ये तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि आपल्याकडे जानेवारी ते मार्च, केवढं हे वेगळेपण! मामा म्हणाले, "वेगळेपण कसलं? पावसाळ्यात घड धरला तर वाइन नाही, बुरशी निघेल. म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी. दोनदा भादरायचं आणि पीक एकदाच. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते. इथे तिला झोप नाही, अन् आम्हालाही नाही."

"मला एकदा पुन्हा बोर्डोला जायचंय," मेहुणा डोळे मिटून म्हणाला.

"बोर्डो?" मामा म्हणाले. "माझ्या शेडमध्ये दोनशे लिटरची टाकी भरलेली आहे. केव्हाही या."

मेहुण्याने डोळे उघडले. बोर्डो म्हटल्यावर शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे नदीकाठचा वाडा आणि लाल पेला येतो, निफाडच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो तो पाठीवरचा पंप. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर, झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. मौज म्हणजे दोघांचंही बोर्डो एकच. एकोणिसाव्या शतकात बोर्डोजवळच्या मेदोक भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी मारून ठेवायचे, कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की, एवढ्याच वेलींवर केवडा पडत नाही, आणि १८८५ साली त्याने ते जाहीर केलं. म्हणजे जगभरातल्या द्राक्षबागा वाचल्या त्या फुकट्यांमुळे. आमच्या सोसायटीतल्या पेरूच्या झाडाखाली उभं राहून मी अनेकदा हा विचार केला आहे की, आपल्यालाही इतिहासात जागा आहे.

वाइनरीत एक हसतमुख मुलगी आम्हाला चव घेणं शिकवायला उभी होती. आमच्यापुढे पेले ओळीने मांडले होते. प्रत्येकात पेल्याच्या बुडाला लाज वाटेल इतकीच वाइन.

"ही आपली सोव्हिन्यों ब्लाँ," ती म्हणाली.

"काय म्हणालीस, बाई?" मामांनी कानामागे हात धरला.

तिने पुन्हा सांगितलं. मामांनी प्रयत्न केला, तो 'सावनी ब्लँक'पर्यंत पोहोचला. मग तिने समजावलं, फ्रेंच नाव आहे, सोव्हाज म्हणजे रानटी आणि ब्लाँ म्हणजे पांढरं, त्यावरून पडलं असं म्हणतात.

"मग सरळ रानपांढरी म्हण की!" मामा म्हणाले. त्या क्षणापासून आमच्या कुटुंबात या वाइनला दुसरं नाव राहिलं नाही.

आता पेला दांडीला धरून गोल फिरवायचा होता. मेहुण्याने एका लयीत फिरवला. मी फिरवला तेव्हा रानपांढरी माझ्या शर्टावर आली. मग नाक घालायचं. मेहुण्याने नाक घातलं ते इतका वेळ बाहेरच काढेना, बायकोला काळजी वाटायला लागली. अखेर वर येऊन म्हणाला, "पॅशनफ्रूट. ग्रेपफ्रूट. आणि... थांबा... पहाटे कापलेलं गवत."

याच्या पुण्याच्या फ्लॅटला गॅलरीसुद्धा नाही. पहाट त्याने शेवटची पाहिली ती विमानतळावर. पॅशनफ्रूट नावाचं फळ त्याने कधी खाल्लं हे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही. पण मुलगी म्हणाली, "व्वा, सर!" आणि माझ्याकडे वळली. "तुम्हाला, सर?"

मला काहीच येत नव्हतं. शाळेत फळ्यापाशी उभं केल्यावर यायचा तसा घाम तेवढा आला. खरं सांगायचं तर माणसाला वास न येण्याची लाज नसते, वास आला नाही हे चारचौघांत कळण्याची असते. मी आठवतील ती फळं आठवली आणि त्यातलं सर्वांत सुरक्षित निवडून म्हणालो, "द्राक्षं."

शांतता पसरली.

"हे उत्तर," ती मुलगी सभ्यपणे म्हणाली, "सहसा कुणी देत नाही, सर."

त्या दिवशी मला वाइनचा पहिला नियम समजला. वाइनला जगातल्या कशाचाही वास येऊ शकतो, लिंबाचा, दगडाचा, पेन्सिलीचा, फक्त द्राक्षाचं नाव काढायचं नाही.

एवढ्यात मामांनी माळ एका हाताने मागे सारली, पेला न उचलताच जरा वाकले, एकदाच हुंगलं आणि म्हणाले, "ढोबळी."

"काय?"

"ढोबळी मिरची. हिरवी."

मुलगी टाळ्याच वाजवायला लागली. म्हणाली, अगदी बरोबर, हिरव्या ढोबळी मिरचीत जे पायराझिन नावाचं द्रव्य असतं तेच या द्राक्षात असतं, जाणकारांना ओळखायला वर्षं लागतात, काकांनी कसं ओळखलं?

"दोन वर्षं शेडनेटमध्ये ढोबळी लावली होती," मामा म्हणाले. "चार लाख बुडाले. तो वास मेलो तरी विसरायचो नाही."

आमच्यात ज्याला नाक होतं तो माणूस पिणार नव्हता, आणि जे पिणार होते त्यांच्यात एक मेहुणा होता आणि एक मी. देवाची वाटप करण्याची पद्धत ही अशी.

नंतर बागेत फिरलो. मामांनी एक घड हातात घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल वाचणाऱ्या बापाचे भाव आले. त्यांचं थॉम्पसन हे खायचं द्राक्ष, जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून बुडवून वाढवलेलं, निर्यातीसाठी मापात बसवलेलं. इथे मणी हरभऱ्याएवढा, साल जाड, आत बी. "हे बाजारात नेलं तर व्यापारी भावसुद्धा सांगणार नाही, आधी तब्येत विचारेल," ते म्हणाले.

मेहुण्याने मग इतिहास काढला. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून नाशिकला आले, घरच्या जमिनीवर त्यांनी ही रानपांढरी आणि शेनिन ब्लाँ लावली आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली, त्यातूनच हे सगळं उभं राहिलं. "नोकरी सोडून शेती!" मामा म्हणाले. "आमच्याकडे एवढ्यावर पोराचं लग्न मोडलं असतं." पण २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि मग ज्याच्या दारी स्टीलची टाकी मावेल तो वाइनरीवाला झाला, हेही त्यांनीच सांगितलं. पुढे २००९ च्या सुमारास मंदी आली, माल कुणी उचलेना. कित्येकांनी वेली उपटल्या, त्यात मामांचा शेजारीही होता. "टेबलाचं द्राक्ष विकलं नाही तर मनुके करता येतात, पाव्हण्यांना पेटी देता येते. ही असली बियांची पाव्हण्यांना दिली तर पाव्हणे यायचे बंद होतात."

शेजाऱ्याने मात्र नंतर पुन्हा लावली. आता त्याचा माल करारावर याच वाइनरीला येतो, हे ऐकून मुलगी खूश झाली. म्हणाली, निफाड-दिंडोरीच्या थंडीमुळेच तर या वाइनमध्ये तो ताजा आंबटपणा टिकतो. दिवसा ऊन साखर वाढवतं, रात्रीचा गारवा आम्ल धरून ठेवतो.

मामा माझ्याकडे बघत राहिले. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते. त्या रात्री मामा बागेत शेकोट्या पेटवत फिरत असतात, कारण थंडीने त्यांचे मणी तडकतात. "म्हणजे ज्या गारव्याला मी रात्रभर शिव्या घालतो," ते हळूच म्हणाले, "त्याचे हे लोक पैसे घेतात."

आम्ही तीन बाटल्या घेतल्या. त्याआधी परवाना. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो हे आपण सगळे जाणतो आणि सगळे विसरतो. एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजीवन हजार. मेहुण्याने आजीवन काढलेला होता. मी पाच रुपयांवर भागवलं. माझं नाक बघता आजीवन गुंतवणूक शहाणपणाची नव्हती.

डोंबिवलीला घरी आल्यावर पहिला प्रश्न आला तो आईचा. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मामांची थोरली बहीण. २०२२ साली सरकारने मोठ्या दुकानांतून वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा महिनाभर टीव्हीवर 'वाइन म्हणजे दारू की नाही' हा वाद चालला होता. आईने रोज रात्री जेवणानंतर टीव्हीसमोर बसून सरकारचा निषेध केला होता, हातात द्राक्षासवाचं टोपण धरून. द्राक्षासव ती गेली वीस वर्षं घेते, दोन टोपणं, समभाग पाण्याबरोबर, भूक लागते म्हणून. त्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की, आत आपोआप तयार झालेला मद्यार्क आहे, दहा टक्क्यांपर्यंत. रानपांढरीत बारा-तेरा. दोन-तीन टक्क्यांवरून आमच्या घरात कुलाचार ठरलेला आहे.

"अरे, हे काय आणलंस?" आईने विचारलं.

"द्राक्षासवच आहे, आई. फ्रेंच."

"मग फ्रिजमध्ये कशाला? औषध माळ्यावर ठेवायचं."

ते मी ऐकलं, कारण दारू जितकी जुनी तितकी चांगली हे ज्ञान मला वडिलांच्या मित्रांकडून मिळालेलं होतं. एक बाटली माळ्यावर, रिकाम्या सिलिंडरशेजारी मुरत ठेवली. मार्च गेला, एप्रिल गेला. डोंबिवलीचा एप्रिल म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ती उघडली तेव्हा रंग उसाच्या रसासारखा आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. मेहुणा फोनवर किंचाळला, "भाऊजी, ही ताजी प्यायची असते! वर्षा-दोन वर्षांत! गारेगार, आठ-दहा डिग्रीला!" वाइन कुणीच प्यायली नाही, पण बायकोने ती वापरून तांब्याची कळशी घासली. इतकी लखलखली की, पितांबरी आणायची ती त्या महिन्यात आणलीच नाही.

दुसरी बाटली, पहिली माळ्यावर मुरत असतानाच, मी एका रविवारी मिसळीबरोबर काढली होती. नाशिकची वाइन, नाशिकची मिसळ, जोडी जमलीच पाहिजे, असा साधा हिशोब. आधी बाटली उघडण्यात अर्धा तास गेला. बूच काढायचा मळसूत्री स्क्रू मी मुद्दाम विकत आणला होता, तो घालून मी झाकणाला भोक पाडलं आणि मग आमच्या मुलीने येऊन झाकण हाताने फिरवून काढलं. "बाबा, हे पाण्याच्या बाटलीसारखंच आहे." चारशे रुपयांचा स्क्रू तेव्हापासून घरात अडकलेली भरणी उघडायला आहे.

मिसळीचा घास घेतला, वर घोट घेतला. मद्यार्काने तिखट भडकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काळ्या मसाल्याची तर्री आणि रानपांढरी यांची माझ्या जिभेवर गाठ पडली आणि दोघींनी मिळून मला आमच्या गॅलरीपर्यंत पळवलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आयुष्यात प्रथमच माझं नाक काहीतरी काम करत होतं. आईने दही दिलं आणि म्हणाली, "फ्रेंच औषध आपल्या प्रकृतीला चालत नाही."

उरली एक. ती मेहुणा मे महिन्यात राहायला येईल तेव्हा, त्याच्या देखरेखीखाली उघडायची असं ठरलं. आठ दिवस आधी त्याचा फोन, रानपांढरीबरोबर शेळीच्या दुधाचं चीज हवं. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी साँसेर गावाशेजारी शाव्हिन्योल म्हणून वाडी आहे, तिथलं क्रोतँ नावाचं चीज आणि ही वाइन म्हणजे लक्ष्मी-नारायणाचा जोडा. मी हे आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो. क्रोतँ या शब्दाचा फ्रेंचमध्ये लीद असाही अर्थ होतो, हेही वाचलं. ओघात पुढचंही वाचलं गेलं की, इंग्रजी जाणकार या वाइनच्या वासाची तारीफ करताना मांजराच्या मुताचं नाव घेतात, आणि न्यूझीलंडमध्ये एकाने तर तेच नाव बाटलीवर छापून ती विकली.

आईने वाती वळणं थांबवलं. "मांजराचं मूत, घोड्याची लीद, शेळीचं चीज. ही माणसं गोठ्यातच जेवतात का रे?"

बायकोने चीजचा विषय एका वाक्यात संपवला. "शेळीचं चीज शोधायला गेलात तर येताना दळण आणा." मग तिने बेत ठरवला, तिच्या नाकाने. कोथिंबीर वडी, पालकाची भजी आणि तिच्या माहेरच्या पद्धतीचे रवा लावून तळलेले बोंबील. मी मेहुण्याला भीतभीत कळवलं. त्याने कुठेतरी विचारलं असावं, कारण दहा मिनिटांनी फोन आला. "भाऊजी, परफेक्ट आहे! हिरव्या वासाला हिरवी कोथिंबीर. आणि तळणीवर आम्ल पाहिजेच, तोंड स्वच्छ करतं."

"म्हणजे आपण भज्यांवर लिंबू पिळतो तसंच ना?" मी विचारलं.

"अं... तसं नाही," तो म्हणाला. "म्हणजे तसंच, पण तसं नाही."

मे महिना. लिंबू दहा रुपयांना एक, तेही गोटीएवढं. बायको म्हणाली, दोन आणा. मी एक आणलं. ते कापलं तेव्हा आत रसच नव्हता.

मेहुण्याने बाटली दोन तास फ्रिजमध्ये ठेवून, आमटीचं पातेलं आणि इडलीचं पीठ बाहेर काढून, तिला हक्काची जागा मिळवून दिली. दांडीचे पेले घरात दोनच, ते त्याने आणि मी घेतले. बायकोला स्टीलचं फुलपात्र. आईला मी नुसतं विचारलं, तर म्हणाली, "वाढ थेंबभर. दादाच्या गावचं आहे म्हणून," आणि द्राक्षासवाची वाटी पुढे केली. थोरली असून ती मामांना दादाच म्हणते.

मेहुण्याने पेला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटले. "गूजबेरी," तो म्हणाला. "मग ओला दगड. समुद्राची खार..."

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, ढोबळी कुणी चिरली? मी आणलीच नव्हती!"

मी पटकन पेल्यात नाक घातलं. जीव तोडून हुंगलं. मला बोंबील आले.

तेवढ्यात आईने घोट घेतला. तोंड वाकडं केलं, जीभ टाळ्याला लावली, थोडा वेळ विचार केला. "आंबट आहे," ती म्हणाली. "पण बरं आंबट आहे. दादाची द्राक्षं तोडायच्या आधी चोरून खायचो, तसं." मग ती उठून ओट्याशी गेली. तिथे कोथिंबीर वडीचं ताट लिंबावाचून खोळंबलं होतं. तिने चमचा वाटीत बुडवला आणि देवावर तीर्थ शिंपडावं तशी रानपांढरी सगळ्या वड्यांवर शिंपडली. बायकोने पाहिलं. मीही पाहिलं. दोघंही गप्प बसलो.

मेहुण्याने वडी उचलली, तोंडात टाकली, नेहमीसारखी घोळवली, छताकडे बघितलं.

"मावशी, वडी अप्रतिम," तो म्हणाला. "आणि लिंबू किती छान आहे हो! कागदी ना? कुठलं?"

"निफाडचं," आई म्हणाली.